एकट्याच्या खेळातली लबाडी

योग्या,

परवा सायखेड्याच्या घाटावर तुझा दहावा झाला. तिथे मामीने, म्हणजे तुझ्या आईने, मला सगळ्यांदेखत एक प्रश्न विचारला आणि मी तिला तिथल्या तिथे उत्तर देऊन टाकलं. ते उत्तर खरं होतं की खोटं, हे मला अजून ठरवता येत नाहीये. असं काही अडलं की मी तुला फोन करायचे. तू हटकून विरुद्ध बाजूने बोलायला लागायचास, मी चिडायचे, आणि चिडता चिडता मला कळायचं की आपल्याला नक्की काय वाटतं. आता विरुद्ध बाजूला कुणीच नाही, तर माझी बाजू कोणती तेही सापडत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं पेपरातल्या चौकटीत फोटोखाली येऊन गेलंय. फोटो वाईट निवडला, त्यात तू फारच गुणी दिसतोस. अपघाताबद्दल मी काही लिहिणार नाही. चांदवडच्या रस्त्याचं नाव निघालं तरी मामा उठून अंगणात जातात. मला लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. इतकी वर्षं चाललेलं ते भांडण ज्यांनी ऐकलं त्यांना ते पोरकट वाटलं, आणि होतंही पोरकट. एकट्याने खेळायच्या कम्प्युटर गेममध्ये आपल्या सोयीने फेरफार केले तर ती लबाडी होते का? तू म्हणायचास, नाही. मी म्हणायचे, होते. बस, एवढंच.

त्याचं मूळ मात्र घरात कम्प्युटर यायच्या कितीतरी आधीचं आहे. मे महिन्यात आई मला सायखेड्याला पाठवायची. संध्याकाळी तुमच्या घरामागच्या मोकळ्या रानात लगोरी रंगायची. मी पंचवटीतली, सिमेंटच्या गच्चीवर खेळून वाढलेली. ढेकळांतून पळताना माझा पाय मुरगळायचा आणि दर डावाला मी पहिली बाद. एक दिवस तू सगळ्या पोरांना जाहीर करून टाकलंस की सुजा कच्चं लिंबू. म्हणजे मी खेळायचं, पळायचं, पण मला कुणी बाद करायचं नाही. तुला वाटलं तू माझ्यावर उपकार केलेस. मी डाव सोडून घरात गेले आणि जेवायला उठले नाही. मामी समजूत काढायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, मला बाद केलं तर चालेल, पण असं खोटं खोटं खेळायला लावू नका. मामीला याचं इतकं कौतुक वाटलं की तिने ते गावभर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नदीवर जाताना तू हळूच विचारलंस, पण तुला मजा येत होती का नाही? येत होती. मी सांगितलं, अजिबात नाही.

पुढे नव्वदीच्या शेवटाला तू डिप्लोमाला नाशिकला आलास आणि आमच्याकडेच राहिलास. बाबांनी माझ्या अभ्यासासाठी म्हणून जुळवून घेतलेला कम्प्युटर आणला. त्याच्या मॉनिटरवर आईने विणलेला रुमाल असायचा आणि तो प्रत्येक वेळी घडी करून ठेवल्याशिवाय चालू करायला परवानगी नव्हती. तू कुठल्याशा गाळ्यातून तीन सीड्या घेऊन आलास. छापील वेष्टन वगैरे काही नाही, नुसतं काळ्या पेनाने वर लिहिलेलं, आरपीजी. आपण तेच खेळाचं नाव समजलो. वर्षभर आपण ज्याला त्याला अभिमानाने सांगत होतो की आम्ही आरपीजी खेळतो. मग सायबर कॅफेत बसून तुला शोध लागला की आरपीजी हा खेळांचा एक प्रकार आहे, त्यात शेकड्याने खेळ आहेत, आणि आपल्या खेळाचं नाव वेगळंच आहे. म्हणजे एखाद्याने मुलाचं नाव ‘मुलगा’ ठेवावं तसं झालं. आपण ते खरं नाव कधी वापरलं नाही. आपल्या दोघांत ते शेवटपर्यंत आरपीजीच राहिलं.

खेळ समजायला सोपा होता. आपण एक माणूस घडवायचा, त्याला नाव द्यायचं आणि एका अनोळखी मुलुखात सोडायचा. गावोगाव फिरायचं, लोकांची कामं करायची, लुटारूंशी लढायचं, मरायचं, पुन्हा आधीच्या ठिकाणापासून सुरू करायचं. हळूहळू अंगात बळ येतं. समोर दुसरा खेळाडू नाही, सगळं आपलं आपल्याशीच. माझ्या बाईचं नाव सुजाच होतं. तू तुझ्या माणसाचं नाव योगेशराव ठेवलंस, कारण म्हणे निदान तिथे तरी कुणी राव म्हणावं.

आणि मग कॅफेतून तू मॉड आणायला लागलास. मॉड म्हणजे काय ते मी आईला समजावलं होतं. खेळ बनवणाऱ्यांनी आमटी करून दिली. जगाच्या पाठीवर कुठल्या तरी हौशी माणसाला वाटलं यात गूळ हवा होता. तो त्याने पुडीत बांधून फुकट ठेवला, ज्याला हवा त्याने घेऊन आपल्या वाटीत टाकावा. आई म्हणाली, मग बिघडलं कुठे? आई तुझी आत्या, तुझीच बाजू घेणार.

तुझा पहिला मॉड ओझ्याचा होता. खेळातल्या माणसाला ठरावीक वजनापलीकडे उचलता यायचं नाही. जास्त झालं की तो जागचा हलत नसे, मग काय टाकायचं आणि काय ठेवायचं ते ठरवावं लागायचं. मला नेमकं तेच आवडायचं. चांगली ढाल टाकून औषधाच्या बाटल्या ठेवताना माझा जीव तुटायचा, पण पुढे त्या बाटल्यांनी वाचले की वाटायचं हे आपण कमावलं. तू ती मर्यादाच काढून टाकलीस. तुझा योगेशराव चिलखतं, भाले, गालिचे, लोकांच्या घरातली भांडी असं सगळं पाठीवर टाकून डोंगरातून पळत सुटला. मी म्हटलं, हा रडीचा डाव आहे. तू पडद्यावरची नजर काढली नाहीस.

“सुजे, मी आठवीपासून टोमॅटोचे क्रेट उचलतोय. इथं पण उचलू का?”

मी म्हटलं, विषय तो नाही. माझ्याकडे उत्तर नसलं की मी हेच म्हणते, हे तुला माहीत होतं. तू नुसता हसलास, आणि त्याचा मला जास्त राग आला.

मग दुकानदारांचा मॉड आला. खेळातले व्यापारीसुद्धा घेताना पाडून घ्यायचे आणि विकताना चढवून विकायचे, ते बघून तुझं डोकं फिरायचं. तू त्यांना वठणीवर आणलंस. बाबा पेपर वाचता वाचता आपली वादावादी ऐकायचे. एकदा चष्मा काढून म्हणाले की तुम्ही दोघं चोरीच्या सीडीवर बसून लबाडीवर चर्चा करताय, एवढं लक्षात असू द्या. तू उठून मॉनिटरवर रुमाल टाकलास.

तुझ्या मुद्द्यांतला सगळ्यात चांगला मुद्दा तू वणीहून येताना एसटीत मांडलास. पूर्वी लोक गडावर पायथ्यापासून चढून जायचे. आता गाडी वरपर्यंत जाते आणि राहिलेल्या पायऱ्या तेवढ्या चढायच्या. मग गाडीने आलेल्याकडे देवी पाठ फिरवते का? मी म्हटलं, देवी दर्शन देते, पण आपण चढून आलो असं कुणाला सांगू नये. तू म्हणालास, मी कुणाला सांगतोय? मी म्हटलं, स्वतःला. त्यावर तू खिडकीबाहेर बघत बसलास आणि दिंडोरी आल्यावर म्हणालास की स्वतःला फसवता येतं हेच मुळात तुला पटत नाही. फसवायला समोर एक माणूस लागतो, ज्याला ठाऊक नाही असा. इथे ज्याला फसवायचं त्यालाच सगळं ठाऊक. मला अजून याचं नीट उत्तर सुचलेलं नाही. पण लोक स्वतःला फसवतात हे मी रोज बघते. मी शिकवते त्या शाळेत परीक्षेला कॉपी करणारी मुलं नंतर खरोखर समजतात की आपल्याला गणित येतं.

उपवासावरूनही तू माझी टर उडवायचासच. चतुर्थीला मी साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचा कीस घेऊन बसले की तू समोर उपाशी पोटी चहा पीत म्हणायचास, “तुमचा हा साबुदाणा म्हणजे उपवासाचा मॉडच की.” तुझा उपवास कडक असायचा. मामीच्या हाताखाली वाढलेला तू. देवाच्या नियमांना तू कधी हात लावला नाहीस आणि खेळाच्या नियमांना मी. आपल्या दोघांत शहाणं कोण होतं देव जाणे.

आणि मग कुत्रा. माझ्या खेळात पहिल्या गावातच एक पांढरा कुत्रा भेटायचा आणि शेवटपर्यंत मागे मागे यायचा. लढाईत त्याचा काडीचा उपयोग नव्हता. नुसता यायचा, थांबायचा, मी नदी ओलांडली की पोहत यायचा. मी तो सगळा खेळ एकही मॉड न घालता पुरा केला होता आणि ते ऊठसूट तुला ऐकवत होते. एका रविवारी तू कॅफेतून आलास तो दारातूनच कमरेत वाकून मुजरा करत. म्हणालास, “बाईसाहेब, तुमचा कुत्रा मॉड आहे.” मूळ खेळात कुत्राच नव्हता. त्या गाळेवाल्याने स्वतःच्या कम्प्युटरवरून खेळ उतरवून दिला होता, त्याने घातलेल्या कुत्र्यासकट. मी आधी मानलंच नाही. मग म्हटलं, मी कुठे घातला, मला माहीतही नव्हतं. तू लगेच धरलंस, म्हणजे नकळत केलेलं चालतं? मग तर मॉड चांगले की वाईट हा प्रश्नच नाही, आपल्याला ठाऊक आहे की नाही एवढाच प्रश्न. मी म्हटलं, विषय तो नाही.

तुला एक कधी सांगितलं नाही. पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर मी तो कुत्रा काढला. मूळ खेळ आणून, अगदी पहिल्यापासून, तत्त्व म्हणजे तत्त्व म्हणून पुन्हा सुरू केला. दलदलीच्या प्रदेशापर्यंत गेले आणि सोडून दिला. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं शाळेचे पेपर तपासायचेत. खरं म्हणजे मागे वळून बघितलं की कुणी नसायचं. मी ज्याला मूळ, शुद्ध म्हणत होते तो खेळ मला रिकामा वाटला, आणि जो आवडला होता तो कुण्या भलत्याच माणसाने गूळ टाकलेला. यातून काय समजायचं ते मला तेव्हाही कळलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू जिंकलो म्हणून नाचला असतास. किंवा नाचला नसतास. तुझं काही सांगता येत नसे.

कारण मला ते दुसरेही दिवस आठवतात. माझी ठरलेली सोयरीक मोडली ते वर्ष. तू तोवर सिन्नरला कारखान्यात लागला होतास. घरात येणारा प्रत्येक जण मला काहीतरी सुचवत होता, दुसरं स्थळ, एखादं व्रत, थोडं हसत जा, थोडं वजन वाढव. तू रविवारी एसटीने यायचास, प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचास आणि शेंगा सोलत मी खेळताना बघायचास. खिंडीतल्या एका पहारेकऱ्याकडून मी सारखी मरत होते. ते बघणाऱ्यालाही कंटाळा यावा इतकं. तुझ्या खिशात त्या पहारेकऱ्यावरचा इलाज असणार हे मला माहीत होतं. तू एकदाच विचारलंस, मदत करू? मी नाही म्हटलं. तू बरं म्हणालास आणि पुन्हा शेंगा सोलायला लागलास. लहानपणी मला कच्चं लिंबू करणारा तू, मोठा झाल्यावर मला माझ्या पद्धतीने हरू देत होतास. त्या वर्षात मला असं हरू देणारा तू एकटाच होतास. स्वतःच्या खेळात तू हवे तेवढे नियम मोडलेस, पण माझ्या खेळाला पुन्हा कधी बोट लावलं नाहीस. याबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, भांडायची होती.

शेवटचा फोनही याच भांडणाचा. तू म्हणालास, आता माझ्याकडे असा मुद्दा आहे की तुझं तोंडच बंद होईल. मी म्हटलं सांग. तर म्हणे फोनवर नाही, समोर बसून सांगतो, मला तुझा चेहरा बघायचाय. मी म्हटलं, नसेलच मुद्दा, उगाच थापा. तू हसत होतास. आता मी भाजी निवडताना, शाळेत जाताना, पर्यवेक्षण करताना तो मुद्दा काय असेल ते शोधत असते. तुझ्या वतीने बोलून बघते आणि मग मीच तो खोडून काढते. एकही असा सापडत नाही की माझं तोंड बंद होईल. कदाचित खरंच थाप असेल. माझी तक्रार नाही, नुसतं कळलं असतं तर बरं झालं असतं.

तर परवाचं.

आपल्याआधी घाटावर दुसऱ्या एका घरचा दहावा होऊन गेला होता. त्यांच्या पिंडावर कावळे असे तुटून पडले की त्यांच्या माणसांना मागे सरायलाही वेळ मिळाला नाही. मग पोट भरलेले ते कावळे पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसले. तुझे पिंड दगडावर मांडले, शेजारी तुझ्या आवडीचा भेळभत्ता ठेवला, सगळे लांब जाऊन उभे राहिले, आणि एकही कावळा येईना. मुलाच्या पिंडापुढे बापाने बसायचं, हे बघवत नव्हतं. मामा हात जोडून म्हणाले, तुझ्या आईला मी जपीन. कावळा आला नाही. तुझे चुलते म्हणाले, बागेचं आम्ही बघू, मामांना एकट्याला पाडणार नाही. नाही आला. कुणीतरी लग्नाचं बोलायला गेलं आणि अर्ध्यातच गप्प झालं. जो तो आपापल्या परीने अंदाज करत होता की तुझं काय राहिलं असेल. मला मनात सारखं वाटत होतं, अरे, त्यांची पोटं भरलीत, थोडं थांबा. पण असं तिथे कसं बोलणार?

ऊन चढलं. मामीच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. बायका तिला सावलीत चल म्हणत होत्या, पण ती पायरीवरून हलायला तयार नाही. कावळा शिवल्याशिवाय उठायचं नाही, असं तिने ठरवलेलंच होतं. मग तिने मला जवळ बोलावलं.

“सुजा, तुमचं ते कम्प्युटरवरून लय भांडण व्हायचं ना? त्याचंच राहिलं असंल त्याला. तू जा आन् म्हण, मिटलं म्हणून.”

लोक माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे गेले. भाताच्या गोळ्यांपुढे खोटं बोलायला माझी काय हरकत होती? मी तर या सगळ्यावर नीट विश्वासही ठेवत नाही, निदान ठेवत नाही असं म्हणते. मिटलं, एवढा एक शब्द. तू असतास तर म्हणाला असतास, म्हणून टाक की, कुणाचं काय जातंय. पण योग्या, मी तुझ्यापुढे कधी खोटं हरले नव्हते. तूही नाही. आपल्यात हरायचं तर खरंच हरायचं, नाहीतर भांडत राहायचं. मी हात जोडले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, योग्या, मला अजून पटलेलं नाही, पण ये.

बाभळीवरच्या एका कावळ्याने मान वाकडी केली. एवढंच. मागून कुणीतरी म्हणालं, मोठ्याने म्हण पोरी. मी परत येऊन मामीशेजारी बसले.

शेवटी गुरुजी मामांना म्हणाले, दर्भाचा करू. गुरुजी तरुणच होते, त्यांना पुढेही एक काम असावं. त्यांनी दर्भाच्या काड्या घेतल्या, पीळ दिला, एक गाठ चोचीची, एक शेपटीची, आणि बघता बघता हातात गवताचा कावळा तयार झाला. तो त्यांनी मामांच्या हातात दिला, मंत्र म्हटले आणि मामांच्या हाताने त्याची चोच पिंडाला टेकवली. झालं. लोक चपला शोधायला लागले.

मामी उठली नाही. तिची नजर त्या गवताच्या कावळ्यावर. गुरुजींनी तिला नीट समजावलं, हे शास्त्रात आहे, पक्षी नाही आला तर असंच करतात, यात काही कमी राहत नाही. तिने त्यांना मान डोलावली. मग माझ्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत विचारलं,

“सुजा, तू सांग. तू मला खोटं सांगणार नाय. ही लबाडी तर नाय ना गं?”

गुरुजींचं ऐकूनही तिने मला विचारलं, योग्या. मला काय सुचावं? पक्ष्याने यावं किंवा न यावं, ते आपल्या हातात नाही, म्हणून तर सगळे तसे जीव मुठीत धरून उभे होते. आपणच कावळा करायचा आणि आपणच तो शिववायचा, तर मग उभं कशाला राहायचं? हे मी तुला वर्षानुवर्षं सांगत आले होते, खेळाबद्दल. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. आणि समोर मामीचे ओठ उन्हाने पांढरे पडले होते. तिला दुसरं काही नको होतं, आपल्या पोराला आपल्याकडून फसवलं गेलं नाही ना, एवढंच हवं होतं.

मी म्हटलं, “नाही मामी. लबाडी नाही.”

ती माझ्या खांद्यावर हात टेकून उठली. खाली नदीवर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि पहिल्यांदा पाणी प्यायली.

तेव्हापासून मी या उत्तराभोवती घिरट्या घालतेय. मामीसाठी बोलले असेन तर मी तुझ्यापुढे खोटं हरले, तेही तुझ्या आईच्या साक्षीने. आणि मनापासून बोलले असेन, तर तू इतकी वर्षं बरोबर होतास आणि ते मला कळलं ते तू नसताना. दोन्ही मला मान्य नाही. बोलताना माझा आवाज कापला नव्हता, हेही आठवतं. खोटं बोलताना माझा आवाज कापतो, तू नेहमी त्यावरून पकडायचास. मग काय समजू? उत्तर मी मागे घेणार नाही, मामीने पुन्हा विचारलं तरी तेच देईन. पण ते माझं मत आहे का, हे मला सांगता येत नाही.

तू तिथे असतास तर मला घाटाच्या कडेला ओढून लगेच विचारलं असतंस, दर्भाचा कावळा चालतो आणि मी माझ्या पाठीवरचं ओझं कमी केलेलं चालत नाही, असं कसं? मी म्हटलं असतं, विषय तो नाही. नंतर पंगत बसली, वाढणारे वरणभात घेऊन फिरत होते, लोक कांद्याच्या भावाचं बोलत होते, रस्त्याचं बोलत होते. मी पानावर बराच वेळ तशीच बसून होते. वाट बघत होते, कुणीतरी मला ते विचारेल म्हणून. कुणीच विचारलं नाही रे.